ओढ्याची तब्येत कशी बघायची?

(मनामा येथे आपल्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा हा लिखित मसुदा. बोलताना झालेली पुनरुक्ती गाळली आहे, बाकी बरेचसे तसेच ठेवले आहे.)



शुक्रवारची सुट्टी मोडून आपण इतके जण आलात याबद्दल आधी आभार. विषय जाहीर झाल्यावर मला एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, बहरीनमध्ये ओढा कुठून आणणार? इथे पाऊस पडला की रस्त्यावरून जे वाहतं तोच ओढा!" त्यांचे खरे आहे. या देशात नदी नाही आणि बारमाही ओढाही नाही. वर्षाचा पाऊस सरासरी सत्तर-ऐंशी मिलिमीटर. पुण्यात जुलैच्या एखाद्या जोरदार दिवसात तेवढा पडून जातो. तरीही हा विषय मी इथेच मांडणार आहे. ओढ्याच्या तब्येतीबद्दलची एक गोष्ट मला पुण्यात पीएच.डी. करून कळली नव्हती, ती इथे आल्यावर कळली.

पण आधी निमित्त सांगते. गेल्या बैठकीत आपल्यापुढे एक प्रस्ताव आला. आपल्या एका सभासदांच्या गावी ओढा आहे. तो घाण झाला आहे, उन्हाळ्यात वास मारतो. गावाने 'सुशोभीकरणा'ची योजना आखली आहे: दोन्ही बाजूंना दगडी भिंती, तळाला काँक्रीट, एक छोटा घाट, बाकडी आणि कारंजे. आपण निधी द्यावा, बाकड्यांवर मंडळाचे नाव येईल. हेतू चांगला आहे, गावाबद्दल कळकळ आहे. तेव्हा कोणीतरी म्हणाले, "आपल्याकडे पाण्याच्या डॉक्टर आहेत, त्यांना विचारा." दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाईलवर ओढ्याचे चार फोटो आले आणि खाली प्रश्न, "मॅडम, पाणी कसं आहे?"

फोटोवरून ताप सांगता येत नाही, हे आपल्यापैकी जे डॉक्टर आहेत ते मान्य करतील. पण मी त्यांना हसले नाही, कारण मी स्वतः याहून मोठी चूक केली आहे.

२००४ सालची गोष्ट. मी पुण्यात संशोधन करत होते. रामनदी आपल्यापैकी पुणेकरांना माहीत असेल. मुळशी तालुक्यात खाटपेवाडीजवळ उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधला मुळेला मिळते. लांबी सुमारे १९ किलोमीटर. नाव नदी, पण उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी उडी मारून ओलांडावी इतकीच. तिच्या एका टप्प्याचे पाणी तपासून द्या, असे एका संस्थेने सांगितले. मी सकाळची कामे उरकून साडेअकराला पोचायचे, बाटल्या भरायचे, मोजमाप करायचे आणि परत. चार आठवडे हेच केले. पाण्यात विरघळलेला प्राणवायू प्रत्येक वेळी उत्तम आला. पाण्यात मावायला हवा त्याहूनही थोडा जास्तच! मी खुशीत अहवाल लिहिला की या टप्प्याची स्थिती समाधानकारक आहे. खाली सही केली.

तिथे एक आजोबा गळ टाकून बसायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारले, "ताई, काय मिळालं?" मी म्हटले, "आजोबा, पाणी चांगलं आहे." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितले आणि म्हणाले, "दुपारचं येऊन काय कळतंय? पहाटं या. मासं वर येऊन तोंड वासत्यात."

मी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गेले. मासे खरोखर पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडत होते. तळाशी दोन पांढरे पडून तरंगत होते. मोजले तर प्राणवायू लिटरला दोन मिलिग्रॅमच्याही खाली. कारण अगदी साधे, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असलेले. सांडपाण्याच्या खतावर शेवाळ माजले होते. दिवसा उन्हात ते भरपूर प्राणवायू सोडते, म्हणून दुपारी आकडा छान येतो. रात्री तेच शेवाळ आणि गाळातले जीवाणू मिळून प्राणवायू संपवून टाकतात. मी रोज पेशंटला जेवण झाल्यावर भेटत होते आणि भूक चांगली आहे असे लिहीत होते.

मी सुधारित अहवाल पाठवला. पण संस्थेला पहिलाच सोयीचा होता, आणि पुढे वर्षभर तोच दाखवला गेला. खाली माझी सही होती. वीस वर्षे झाली, पण 'समाधानकारक' हा शब्द लिहिताना आजही माझा हात अडखळतो.

तर ओढ्याची तब्येत बघायची कशी? मी पाच प्रश्नांच्या रूपात सांगते. यातल्या कुठल्याच प्रश्नाला पीएच.डी. लागत नाही.

पहिला प्रश्न: पाणी वाहते का, आणि वर्षातले किती दिवस? पूर्वी मार्च-एप्रिलपर्यंत वाहायचा तो आता कधी थांबतो? याचे उत्तर प्रयोगशाळेत नसते, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असते. याच प्रश्नाकडे मी शेवटी परत येणार आहे.

दुसरा प्रश्न: ओढ्याला ओढ्याचे अंग शिल्लक आहे का? म्हणजे खडक, गोटे, वाळू, खळाळ, मधेच शांत डोह, काठावर करंज, उंबर, वाळुंज, गवत. खळाळात पाणी हवेत घुसळले जाते, प्राणवायू मिळतो. गोट्यांखाली जीव राहतात. काठच्या झाडांची सावली पाणी थंड ठेवते, आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. २५ अंशांना लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७. म्हणजे झाडे तोडली की एक थेंब सांडपाणी न सोडताही ओढ्याचा श्वास कमी होतो.

तिसरा प्रश्न: रसायनशास्त्र. आपल्या बहुतेकांना तपासणी म्हणजे एवढेच वाटते. प्राणवायू, सामू, क्षार, नायट्रेट, फॉस्फेट, विष्ठेतले जीवाणू आणि बीओडी. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचे माप. भारतात आंघोळीच्या पाण्यासाठी निकष असा की प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त ३. हे मोजलेच पाहिजे, पण पहाटे आणि दुपारी, आणि चारही ऋतूंत. एका बाटलीतले पाणी हा एका क्षणाचा फोटो असतो. काल रात्री कोणी टँकर रिकामा केला असेल तर आज दुपारच्या बाटलीत तो दिसेलच असे नाही.

चौथा प्रश्न मला सर्वांत प्रिय आहे: राहतंय कोण? कारण बाटली एक क्षण सांगते, पण गोट्याखालचा किडा तिथे महिनोन् महिने राहिलेला असतो. काल रात्रीचा टँकर त्याने भोगलेला असतो. तो तिथे जिवंत आहे हाच पुरावा.

करायचे काय, तर मच्छरदाणीच्या कापडाची एक जाळी घ्यायची, प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची आणि वरच्या अंगाला पायाने गोटे हलवायचे. जे वाहत येईल ते पांढऱ्या थाळीत ओतायचे आणि बघत बसायचे. मेफ्लायची पिल्ले दिसतील, बहुतेकांना शेपटीला तीन केस. स्टोनफ्लायची, दोन केसांची. कॅडिसफ्लायच्या अळ्या, त्यातल्या काही वाळूच्या कणांचे घर अंगावर घेऊन फिरणाऱ्या. यांतले बहुतेक जण घाण पाण्यात टिकत नाहीत. मग चतुर आणि टाचण्यांची पिल्ले, खेकडे, गोगलगायी. हे मधल्या फळीतले. आणि थाळीत नुसत्या लाल अळ्या आणि ट्युबिफेक्सचे लाल दोरे वळवळत असतील तर समजावे की प्राणवायू संपत आला आहे. त्या अळ्या लाल का? त्यांच्या शरीरात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, त्यामुळे जवळजवळ नसलेला प्राणवायूही त्या ओढून घेऊ शकतात.

ही काही हौशी कल्पना नाही. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सोन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जीवांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत मांडली. अमेरिकेत रूथ पॅट्रिक या बाईंनी १९४८ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा खोऱ्यात दाखवून दिले की एखाददुसरी जात बघून भागत नाही, किती प्रकारचे जीव एकत्र नांदतात हे बघावे लागते. ब्रिटनमध्ये प्रत्येक कुळाला १ ते १० गुण देण्याची पद्धत आली. स्टोनफ्लायच्या बऱ्याच कुळांना १०, गाळातल्या दोऱ्यांना १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तीच पद्धत भारतीय जीवांसाठी बदलून घेतली आणि पाण्याचे 'अ' ते 'ई' असे पाच वर्ग केले.

पाचवा प्रश्न: ओढ्याच्या वर काय चालले आहे, आणि त्यात कोण सापडले आहे? ओढा म्हणजे पाण्याची रेघ नव्हे. त्याच्या पाणलोटातल्या प्रत्येक संडासाचे, गोठ्याचे, उसाच्या फडाचे आणि कारखान्याचे तो प्रगतिपुस्तक असतो. आणि हे विसरू नका की गावात ओढ्याच्या खालच्या अंगाला कोणाची वस्ती असते ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

इथे आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याचा एक मुद्दा मांडते. आपल्या भाषेत पाण्यासाठी 'शुद्ध' हा शब्द आहे, आणि तो घोटाळ्याचा आहे. २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकर आणि हजारो अस्पृश्य बांधव चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले. कसे? तर शेण, गोमूत्र, दूध, दही घागरी भरभरून तळ्यात ओतून! माझ्या क्षेत्रात याला बीओडी वाढवणे म्हणतात. माणूस प्याल्याने तळ्याचे काही बिघडले नव्हते. शुद्धीच्या नावाखाली त्यात कुजणारे पदार्थ मात्र पडले. निर्माल्य, पिठाचे दिवे, रंगवलेल्या मूर्ती, हे सगळे आपण पवित्र पाण्यातच सोडतो. म्हणून मी 'शुद्ध' म्हणत नाही, 'निरोगी' म्हणते. निरोगी ओढ्यात गाळ असतो, कुजलेली पाने असतात, किडे असतात. काचेसारखे स्वच्छ पाणी मेलेलेही असू शकते.

आता बहरीन. 

अरबीत 'ऐन' म्हणजे डोळा, आणि 'ऐन' म्हणजेच झरा. या बेटाच्या उत्तर भागात असे कितीतरी डोळे होते. चार हजार वर्षांपूर्वीच्या बारबारच्या मंदिरात झऱ्याच्या पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी १९५० च्या दशकात उकरून काढल्या. त्या आपल्यापैकी अनेकांनी मुलांना घेऊन पाहिल्या असतील. समुद्राच्या तळाशीही झरे होते. मोती काढणारे पाणबुडे बुडी मारून खाऱ्या समुद्रातून कातडी पिशवीत पिण्याचे पाणी भरून आणत. 'बहरीन' म्हणजे दोन समुद्र. त्यातला एक गोडा, असा अर्थ लोक लावतात तो यावरूनच.

यातला सर्वांत प्रसिद्ध झरा ऐन अधारी. आज आपण मुलांना पाळण्यात बसवायला अधारी पार्कात जातो, तो तिथलाच. त्याचे पाणी पाटांतून दूरच्या खजुराच्या बागांना जात असे. यावर इथली एक म्हण आहे: अधारी दूरच्याला पाजते आणि जवळच्याला विसरते.

हे पाणी येत होते सौदी अरेबियाच्या पूर्व भागातून, जमिनीखालच्या चुनखडीच्या थरांतून. दाबाखाली येत होते, म्हणून आपोआप वर उसळत होते. १९२५ मध्ये मेजर फ्रँक होम्स यांनी इथल्या शेखांसाठी पाण्याच्या विहिरी खोदल्या, पाणी लागले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांना तेलाचा परवाना मिळाला. १९३२ मध्ये तेल लागले. तेलाबरोबर शहरे, बागा, कारखाने आले आणि विहिरी वाढत गेल्या. थरातून येणारे पाणी वर्षाला साधारण ११ कोटी घनमीटर असल्याचा अभ्यासकांचा अंदाज. उपसा त्याच्या पुढे गेला. दाब उतरला, समुद्राचे पाणी थरात शिरले आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत एकेक डोळा मिटत गेला. अधारीही. १९७५ मध्ये सित्र्याला समुद्राचे पाणी गोडे करायचा कारखाना सुरू झाला, आणि आज आपल्या नळाला मुख्यतः तसेच पाणी येते.

आता मला इथे कळलेली गोष्ट. समजा, अधारीचा प्रवाह उतरू लागला होता तेव्हा मी माझी बाटली घेऊन तिथे गेले असते. बीओडी? नगण्य. जीवाणू? फारसे नाहीत. पाणी नितळ, तळ दिसणारे. मी काय लिहिले असते? 'समाधानकारक'! रोगी मरायला टेकलेला आणि माझा अहवाल उत्तम. कारण रोग पाण्याच्या गुणात नव्हता, तो पाण्याच्या असण्यातच होता. झऱ्यापासून कित्येक किलोमीटर दूर, कोणाच्या तरी बोअरमध्ये तो सुरू झाला होता. म्हणून पहिला प्रश्न पहिला.

आणि हे परक्या देशाचेच म्हणून सोडून देऊ नका. आपला दख्खनचा ओढा पावसाळा संपल्यावर कशावर वाहतो? काळ्या पाषाणाच्या भेगांतून हळूहळू झिरपणाऱ्या भूजलावर. शिवारात बोअर शंभरावर गेले की ते पाणी ओढ्यात यायच्या आधीच वर खेचले जाते. मग उन्हाळ्यात ओढ्यात वाहते ते फक्त गावाचे सांडपाणी. आपण म्हणतो ओढा घाण झाला. खरे म्हणजे ओढा केव्हाच गेला, मागे गटार राहिले.

अशा आटलेल्या, सांडपाण्यावर वाहणाऱ्या ओढ्याच्या तळाला काँक्रीट घातले तर काय होईल? उरलेसुरले झिरपही बंद होतील. गोटे गेले, म्हणजे मेफ्लाय गेली. सावली गेली, पाणी तापले, प्राणवायू उतरला. सांडपाणी मात्र तेवढेच. फक्त ते आता आपल्या नावाच्या बाकड्यांसमोरून वाहील. पावसाळ्यात भिंतींमध्ये आवळलेला ओढा खालच्या वस्तीत जास्त वेगाने शिरेल तो वेगळाच. पुण्यात मुळा-मुठेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून लोक रस्त्यावर आले त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे: सुधारायचे काय, नदी की काठ?

तेव्हा माझी सूचना अशी. प्रस्ताव फेटाळू नका. ज्या सभासदांनी तो आणला त्यांची तळमळ खरी आहे, आणि त्यांच्या गावच्या ओढ्याला मदत हवीच आहे. पण आधी एक वर्ष तपासणीला द्या. गावच्या शाळेला एक साधा तपासणी संच, चार जाळ्या, पांढऱ्या थाळ्या आणि एक जाड वही घेऊन देऊ. नववीची मुले दर महिन्याला तीन ठिकाणी जातील: गावाच्या वर, गावात आणि गावाच्या खाली. पहाटे एकदा, दुपारी एकदा. पाणी वाहते की नाही, थाळीत कोण सापडले, प्राणवायू किती, सगळे वहीत लिहितील. शिक्षकांना शिकवायची जबाबदारी माझी. सुट्टीवर जाईन तेव्हा दोन दिवस गावात राहीन. वर्षअखेर ती वही ग्रामसभेत वाचली जावी, आणि खालच्या वस्तीतली माणसे त्या सभेला असावीत. त्यानंतर पैसे कुठे घालायचे हे वहीच सांगेल. बहुधा ते शोषखड्ड्यांवर, सांडपाणी अडवण्यावर आणि काठच्या झाडांवर घालावे लागतील. त्यावर आपल्या नावाची पाटी लागणार नाही. शोषखड्ड्यावर पाटी लावून घ्यायची कोणाची इच्छा असेल तर त्यांनी सांगावे!

आता दुसरी सूचना, म्हणीच्या निमित्ताने. आपण सगळे थोडे अधारीसारखेच आहोत. दूर पाणी पाठवतो आणि पायाशी काय आहे ते बघत नाही. गेल्या हिवाळ्यात मी बुदैयाच्या बाजूला एका बागेच्या मालकांची परवानगी घेऊन चार मुलांना पाटावर नेले. माझी ब्रिटिश गुणांची यादी तिथे काहीच कामाची नव्हती. या बेटावर स्टोनफ्लाय शोधणे म्हणजे वाळवंटात देवमासा शोधणे. निरोगी कोणाला म्हणायचे हे त्या त्या जागेनुसार ठरते. इथले 'गोडे' पाणी मुळातच लिटरला दोन-तीन ग्रॅम क्षारांचे, आपल्या ओढ्याच्या कितीतरी पट. पण त्यात आमच्या थाळीत बोटाएवढे पट्टेदार मासे आले. अफॅनियस नावाने ओळखले जाणारे, गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगणारे, डासांच्या अळ्या खाणारे. चतुराची दोन पिल्ले आली. आणि पाटाच्या वळणावर एका मुलीला कासव दिसले. ते गोड्या पाण्याचे कॅस्पियन कासव. झरे होते तेव्हापासून इथे आहे, आणि आता मोजक्याच पाटांत आणि डबक्यांत उरले आहे. झरा गेला, पण त्याचा भाडेकरू अजून पाटात वाट बघत बसला आहे.

ती मुलगी परतताना गाडीत म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी पहाटे येऊया का?" आजोबांची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. तिला फक्त कासव उठताना बघायचे होते.

पुढच्या महिन्यात थंडी आहे तोवर आपण पुन्हा जाणार आहोत. जाळ्या माझ्याकडे आहेत, थाळ्या आपल्या घरून आणा. ज्यांना यायचे आहे त्यांनी चहाच्या वेळी नावे द्यावीत. पहाटे पाचला निघायचे आहे, त्यामुळे नाव देण्याआधी घरी विचारून घ्या. आणि ओढ्याच्या प्रस्तावावर मतदान करताना एवढेच लक्षात असू द्या, की तपासणीशिवाय दिलेला पैसाही एक प्रकारची सहीच असते. मी तशी एकदा करून बसले आहे.

आता प्रश्न विचारा.